खोऱ्यातलं संशोधन, खोऱ्यातली व्याख्यानं



विद्यापीठ म्हटलं की पाटण तालुक्यातल्या माणसाला आधी आठवतो तो परीक्षेचा फॉर्म, मग मार्कलिस्ट आणि शेवटी पदवीचा कागद. त्यातलं काही अडलं की पहाटेची एसटी धरायची, कराडला गाडी बदलायची, कोल्हापूर गाठायचं आणि रात्री उशिरा घरी यायचं. कागद मिळाला की विद्यापीठाशी आपला संबंध संपला, अशीच आपली समजूत असते. मला आज बोलायचं आहे ते विद्यापीठाच्या दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे संशोधन, व्याख्यानं आणि कला यांबद्दल. या तिन्ही गोष्टींशी पाटणचं नातं आपल्याला वाटतं त्याहून फार जवळचं आहे.

शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाला जवळ विद्यापीठ हवं, यासाठी झटलेल्यांत आपल्या पाटणचे बाळासाहेब देसाई पुढे होते. राज्याचे शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी हे काम लावून धरलं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे संशोधक. त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रं संपादित केली आणि ती विद्यापीठाने छापली. दप्तरखान्यात पडून असलेला कागद वाचायचा, लावायचा आणि लोकांपुढे ठेवायचा, ही रीत त्यांनी पहिल्यापासून घालून दिली.

आता जरा आपल्या पायाखाली बघू. 11 डिसेंबर 1967 ची पहाट घरातल्या जुन्या माणसांना विचारा. चार वाजून गेले होते, थंडी होती, माणसं झोपेत होती. 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. दगडमातीच्या भिंती आतल्या माणसांवर आल्या आणि कोयनानगर परिसरात पावणेदोनशेहून अधिक जीव गेले. ही आठवण प्रत्येक गावात सांगितली जाते. त्यानंतर काय घडलं ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या पहाटेपासून कोयना खोरं हे जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांचं अभ्यासाचं ठिकाण झालं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1961-62 पासून भरायला लागला आणि पाठोपाठ बारीक धक्के सुरू झाले, हे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या नोंदींत आधीच दिसत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हरी नारायण आणि हर्ष गुप्ता यांनी 1968 मध्येच कोयनेच्या भूकंपावर ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं. पुढे गुप्तांनी अनेक वर्षं या विषयाचा पाठपुरावा केला. पाणी किती वेगाने चढतं, कुठपर्यंत चढतं आणि वरच्या पातळीला किती दिवस राहतं, याचा धक्क्यांशी संबंध त्यांनी दाखवला. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपाचं उदाहरण द्यायचं, तर आजही जगभरच्या पुस्तकांत कोयनेचं नाव पहिल्या काही नावांत येतं.

यातली गोष्ट सोप्या शब्दांत सांगता येते. खालच्या खडकात जुन्या भेगा आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंवर आधीपासूनच ताण आहे. पाणी हळूहळू त्या भेगांत मुरतं, आतला दाब वाढतो, दोन बाजू एकमेकींना धरून असतात ती पकड ढिली होते आणि त्या सरकतात. ताण धरणाने निर्माण केलेला नाही, तो खडकात होताच. पाण्याने त्याला वाट दिली. एवढं कळलं तरी मनातली निम्मी भीती निवळते आणि उरलेल्या निम्म्यातून घर नीट बांधायची बुद्धी होते.

यापुढचं काम तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. भूकंप जिथे होतो तिथे खोल जाऊनच बघायचं ठरलं. 2011 पासून दीड किलोमीटरपर्यंतच्या बोअर घेतल्या गेल्या. मग गोठणे इथे 2016-17 मध्ये जवळजवळ तीन किलोमीटर खोल बोअर मारली. आपल्या शेतातली बोअर तीनशे-चारशे फुटांवर गेली की आपण खर्चाचा हिशेब करायला लागतो, त्यावरून या कामाचा अंदाज करा. कराडला यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. जमिनीतून कापून काढलेला खडक तिथे जपून ठेवलेला आहे.

हा खडक हातात घेऊन बघण्यासारखा असतो. लांबट, गोल, वरवंट्यासारखा गुळगुळीत. वरच्या थरांतला तुकडा काळा कातळ, आपल्या विहिरीत लागतो तोच. कुठे त्यात बारीक पोकळ्या आणि त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक. मध्येच तांबडा पट्टा: लाव्हाचे दोन थर पडले त्यांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. कुठे चारशे मीटर तर कुठे बाराशे मीटरच्याही खाली गेलं की काळा रंग संपतो आणि करडा-गुलाबी, चकाकत्या कणांचा ग्रॅनाइट लागतो. वरचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खालचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधला सगळा काळ जणू पुसून गेलेला. आपल्या गावाखाली काय आहे याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा.

श्रोतेहो, माझं म्हणणं इथे सुरू होतं. एवढं सगळं पाटणच्या मातीत शोधलं गेलं आणि पाटणला ते कुणी सांगितलं? संशोधनाचे लेख इंग्रजीत आहेत, परिषदा मोठ्या शहरांत होतात. इकडे रात्री भांडी वाजली की एक म्हणतो सुरुंग लावला, दुसरा म्हणतो धरणाला काहीतरी झालं. मोबाइलवर निरोप फिरतात आणि बायका मुलांना घेऊन अंगणात बसतात. ज्या ज्ञानासाठी आपलं खोरं वापरलं गेलं, त्यावर पहिला हक्क या अंगणात बसलेल्या माणसांचा आहे, असं मी मानतो.

ते ज्ञान पोचवण्याचं साधन आपल्याकडे जुनं आहे. व्याख्यानमाला ही महाराष्ट्राची खास गोष्ट. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी माला उभ्या राहिल्या. विद्यापीठांनी बहिःशाल व्याख्यानांतून प्राध्यापकांना वर्गाबाहेर काढलं. शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेतून आजही महाविद्यालयांत व्याख्यानं, कार्यशाळा होतात. व्यवस्था आहे. पण व्याख्यान बहुतेक वेळा दुपारी, वर्गातल्या मुलांसमोर होतं, अहवालाला फोटो लागतो आणि गाव बाहेरच राहतं. शेतकरी मोकळा होतो संध्याकाळी सातनंतर. व्याख्यान त्या वेळेला आणि त्याच्या वाडीत झालं पाहिजे.

विषयांना तोटा नाही. आपल्या सड्यांवर पावसाळ्यात जे फुलतं, त्यावर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने मोठं काम केलं आहे. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती शोधल्या, विद्यापीठाच्या उद्यानात वाढवल्या. सातारच्या पठारांवरच्या डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याला शास्त्रीय नाव देणाऱ्यांतही यादव आहेत. पवनचक्क्यांच्या खाली गुरं चारणाऱ्या पोराला आपल्या पायाजवळचं फूल जगात दुसरीकडे उगवत नाही हे ठाऊक असेल, तर तो गुरं दोन पावलं बाजूने नेईल. तसाच दातेगड. तिथली कातळात कोरलेली तलवारीच्या आकाराची विहीर बघायला लोक लांबून येतात. तिचं मोजमाप, तिच्यातलं पाणी, ती कोरण्याची पद्धत हे आपल्याच महाविद्यालयातल्या मुलांनी करण्याजोगं काम आहे.

कलेबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथे पोरं आपली वाट आपणच काढत आहेत. युवा महोत्सव जवळ आला की महाविद्यालयाच्या व्हरांड्यात तालीम सुरू होते. ढोलकी तापवायला कागद पेटवलेला असतो, मूकनाट्यातली मुलं भिंतीला टेकून हालचाली घोटत असतात आणि लोकनृत्यातल्या मुलींचं एक लक्ष घड्याळाकडे असतं. मोरणा खोऱ्यातली, तारळ्याकडची, ढेबेवाडीकडची मुक्कामी गाडी चुकली तर घर कसं गाठायचं? जिल्ह्याचा महोत्सव, मग मध्यवर्ती, आणि त्याही पुढे विद्यापीठाच्या संघातून ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ महोत्सव, इथवर जायची धमक या मुलींत असते. त्यांना अडवतं ते गाडीचं वेळापत्रक. तालमीच्या पंधरा दिवसांत शेवटची गाडी तासभर उशिरा सोडावी, अशी माझी एसटीच्या अधिकाऱ्यांना मनापासून विनंती आहे. आणि आपापल्या गावात जाऊन एकदा तरी आपलं नृत्य सादर करावं, अशी विनंती त्या मुलींना. स्पर्धेच्या परीक्षकांनी पाहिलं, आजीने पाहिलंच नाही, असं होऊ नये.

विद्यापीठापुढे आणि पाटणच्या प्राध्यापकांपुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी 11 डिसेंबरच्या संध्याकाळी कोयना, केरा, मोरणा, तारळी आणि वांग या पाचही खोऱ्यांत एकेक व्याख्यान व्हावं. जागा म्हणून देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा वर्ग पुरे. कराडच्या प्रयोगशाळेतून खडकाचा एखादा नमुना मागून आणावा आणि तो लोकांच्या हातात फिरू द्यावा. बोलणाऱ्याने पाऊण तास मराठीत बोलावं आणि तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवावा. घर बांधताना भिंतीत पट्टा कुठे घ्यायचा, जुन्या घराला आधार कसा द्यायचा, धक्का बसल्यावर आधी काय करायचं, हे लोक विचारणारच. त्यासाठी सोबत एखादा बांधकामाचा जाणकार हवा. झालेलं भाषण सोळा पानांत छापून ग्रामपंचायतीत ठेवावं. यंदा पाच जमली नाहीत तर दोन करा, पण सुरुवात कोयनानगरपासून करा.