'गुड नाईट, सर!' : इंग्रजीतील चूक कोणती आणि रीत कोणती?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अस्सलामु अलैकुम.

तुम्ही सर्वांनी एका आवाजात 'वालैकुम अस्सलाम' म्हटलेत. आता मला सांगा, हे उत्तर तुम्ही कोणत्या इयत्तेत शिकलात? कोणत्याच नाही. घरात आई-वडिलांच्या, दादा-दादींच्या तोंडून ऐकले आणि ते जिभेवर बसले. सलामाला काय उत्तर द्यायचे याचा धडा कोणी दिला नाही, चुकले तर कोणी गुणही कापले नाहीत. आज मला इंग्रजीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्यांची सुरुवात मी मुद्दाम सलामापासून करीत आहे.

मी तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळातील एक गोष्ट मला आजही बोचते. दहावीच्या मुलांसाठी मी संध्याकाळी जादा तास घेत असे. एका मुलाचे वडील होडीवर होते. त्यामुळे बंदरावरची कामे आटोपून हा मुलगा उशिराच येई. एके दिवशी दिवेलागण होऊन गेल्यावर तो दारात उभा राहिला आणि मोठ्या अदबीने म्हणाला, 'गुड नाईट, सर!' मी म्हटले, 'काय रे, आलास की निघालास?' सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नाही. पुढे तो गल्फला गेला. काही वर्षांनी बाजारात भेटला तेव्हा त्याने आदराने सलाम केला, घरची खुशाली विचारली. मी सहज इंग्रजीत एक वाक्य बोललो, तर त्याने मान खाली घातली आणि उत्तर मराठीत दिले.

मित्रांनो, त्या मुलाचे चुकले काय होते? सकाळी 'गुड मॉर्निंग', संध्याकाळी 'गुड इव्हिनिंग', तर मग रात्री 'गुड नाईट', असा त्याचा हिशेब होता. तर्काने पाहिले तर हिशेब चोख आहे. पण भाषा तर्कापेक्षा रीतीवर अधिक चालते. इंग्रजांची रीत अशी की रात्री दहा वाजता भेटलात तरी 'गुड इव्हिनिंग' म्हणायचे, आणि 'गुड नाईट' हे निरोप घेताना म्हणायचे. एवढे एक वाक्य मी त्याला शांतपणे सांगितले असते, तर तो मुलगा जन्मभर बोलता राहिला असता. म्हणून आजचे हे व्याख्यान एका अर्थी त्या मुलासाठी आहे.

गावोगावची इंग्रजी

आपल्याला वाटते, इंग्रजी एकच आहे आणि ती पुस्तकात आहे. तसे नाही. मराठीत देशावर 'रामराम पाव्हणं' म्हणतात, मालवणात 'बरा मां?' विचारतात. तसेच इंग्रजीचेही आहे.

माझा एक माजी विद्यार्थी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला गेला. पहिल्याच आठवड्यात बसचा ड्रायव्हर त्याला म्हणाला, 'एय अप, मी डक!' आमचा विद्यार्थी मराठी माणूस. त्याला वाटले, हा गृहस्थ 'मी बदक आहे' असे सांगतो आहे! खरे म्हणजे 'एय अप' हा त्या भागातला नमस्कार. 'मी' म्हणजे तिकडच्या बोलीतले 'माय', आणि 'डक' हे आपल्या 'बाळा', 'राजा'सारखे मायेचे संबोधन. डर्बी, नॉटिंगहॅम, स्टोक या भागांत ते सर्रास ऐकू येते. उत्तरेला न्यूकॅसलकडे गेलात तर दुकानदारीण तुम्हांला 'पेट' म्हणेल. पेट म्हणजे पाळीव प्राणी एवढाच अर्थ ज्याला ठाऊक, तो रागावेल. पण तीही मायाच आहे.

इंग्लंडमध्ये ओळखीचा माणूस जाता जाता 'ऑलराईट?' असे विचारतो. आपली मुले थांबून प्रकृतीची हकीकत सांगू लागतात. तो केवळ नमस्कार आहे. त्याला 'ऑलराईट' एवढेच उत्तर पुरते. जुन्या रिवाजातील 'हाऊ डू यू डू?' याचे उत्तरही 'हाऊ डू यू डू' असेच आहे. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर, याचे काहींना नवल वाटते. आयर्लंडमध्ये 'व्हॉट्स द क्रॅक?' म्हणजे 'काय विशेष?' तेथे हा 'क्रॅक' सी-आर-ए-आय-सी असा लिहितात. त्याचा अर्थ येथे भेग किंवा वेड असा होत नाही. ऑस्ट्रेलियात भेटताच 'गडे' म्हणतात, ते 'गुड डे'चे आखूड रूप. अमेरिकेच्या दक्षिण भागातले 'हाउडी' हे जुन्या 'हाऊ डू यी'चे झिजलेले रूप आहे.

आपल्या रत्नागिरी-रायगडची कोकणी मुस्लिम कुटुंबे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली. त्या देशात भेटल्यावर 'हाऊझिट' म्हणतात. तेथे कोणी 'आय विल कम जस्ट नाऊ' म्हणाला, तर दारात वाट पाहू नका. तिकडे 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नव्हे, 'थोड्या वेळाने'. शब्द तेच, अर्थ वेगळा. याला चूक म्हणायचे का? नाही. ती त्या मुलखाची रीत आहे.

निरोपाचा एक शब्द पाहा. 'गुडबाय' हा आज आपल्या लहान मुलांच्याही तोंडी आहे. सोळाव्या शतकातील 'गॉड बी विथ यी', म्हणजे 'ईश्वर तुमच्याबरोबर असो', या दुवेचे ते आखडून झालेले रूप आहे. पुढे 'गुड डे'च्या संगतीने त्यातल्या 'गॉड'चा 'गुड' झाला. आपण निघताना 'खुदा हाफिज' म्हणतो, त्याचा भाव याहून किती दूर आहे? परकी वाटणारी भाषा अशी जवळून पाहिली की तिची भीती कमी होते.

आपली इंग्रजी

आता आपल्या देशाकडे येऊ. 'मीटिंग प्रिपोन झाली' असे आपण म्हणतो. हा 'प्रिपोन' आपल्याकडे रुळलेला शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात त्याची भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून नोंद आहे. लाख, कोटी, 'आऊट ऑफ स्टेशन', 'कझिन ब्रदर' ही आपल्या घरची इंग्रजी आहे. देशात खुशाल वापरा. मात्र परदेशी माणसाशी बोलताना ध्यानात ठेवा की 'व्हॉट इज युवर गुड नेम?' विचारल्यावर तो गोंधळेल. 'शुभ नाम' ही आपली अदब आहे. त्याच्या भाषेत फक्त 'नेम' आहे.

पण काही प्रयोग खरोखर चुकीचे आहेत आणि ते मराठीच्या वळणाने होतात. आपण परीक्षा 'देतो', म्हणून इंग्रजीत 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो किंवा परीक्षेला 'सिट' होतो. 'गिव्ह' करणारा परीक्षक. आपले डोके दुखते, म्हणून 'माय हेड इज पेनिंग' असे लिहितो. तेथे 'आय हॅव अ हेडेक' हवे. दिवा 'ओपन' होत नाही, 'स्विच ऑन' होतो. 'पाच वर्षांपासून' हे 'सिन्स फाइव्ह इयर्स' नव्हे, 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'सिन्स'च्या पुढे सुरुवातीची वेळ येते, जसे 'सिन्स २०१९'. मराठीत आपण उसने घेतो आणि उसने देतो, शब्द एकच. इंग्रजीत घेणारा 'बॉरो' करतो आणि देणारा 'लेंड' करतो. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाऊट' नको, कारण तो अर्थ 'डिस्कस'च्या पोटातच आहे. 'रिटर्न'मध्ये 'बॅक' आलेच, म्हणून 'रिटर्न बॅक' नको. आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ सलीम' न म्हणता 'आय अ‍ॅम सलीम' म्हणावे.

स्पेलिंगची गोष्ट

तरुणपणी शिक्षकाच्या जागेसाठी मी एका महाविद्यालयाकडे पहिला अर्ज केला. बरेच दिवस बोलावणे आले नाही. पुढे तेथल्या एका कारकुनाची ओळख निघाली. त्याने सांगितले की अर्जाच्या पहिल्याच ओळीतील एका शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ होते आणि अर्ज बाजूला ठेवला होता. मी 'द प्रिन्सिपल' लिहिताना शेवटी पी-एल-ई लिहिले होते. तो शब्द 'तत्त्व' या अर्थाचा. प्राचार्यांसाठी शेवटी पी-ए-एल हवे. 'पॅल' म्हणजे मित्र. प्राचार्य हे विद्यार्थ्यांचे मित्र, असे ध्यानात ठेवा. मला ही खूण कोणी आधी सांगितली असती तर!

बोलण्यातली चूक वाऱ्यावर जाते, लिहिण्यातली कागदावर राहते. म्हणून बोलताना धीट राहा, पण लिहिताना सावध राहा. काही खुणा सांगतो.

'सेपरेट'च्या मधोमध आर-ए-टी, म्हणजे 'रॅट' आहे. उंदीर दिसला नाही तर स्पेलिंग चुकले समजा. 'नेसेसरी'त एक सी आणि दोन एस. सदऱ्याला एक कॉलर आणि दोन बाह्या, तसे. 'स्टेशनरी' हे वह्या-कागदाचे दुकान असेल तर शेवटी ई-आर-वाय, कारण 'एन्व्हलप', म्हणजे पाकीट, ई वरून सुरू होते. स्थिर उभी असलेली गाडी असेल तर ए-आर-वाय. 'अ‍ॅडव्हाइस' हा सल्ला सी ने, आणि 'अ‍ॅडव्हाइझ' हे सल्ला देणे एस ने. 'लूझ' म्हणजे हरवणे हे एका ओ ने, आणि 'लूस' म्हणजे सैल हे दोन ओंनी. 'ट्रू'च्या शेवटी ई आहे, पण 'युवर्स ट्रूली'मध्ये तो गळतो. 'सिन्सिअरली'मध्ये मात्र तो टिकतो. आणि 'कमिटी'त दोन एम, दोन टी, दोन ई. तेथे सगळे जोडीने बसलेले असतात, हे व्यासपीठावरील मंडळी जाणतातच!

मुले विचारतात, 'सर, इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात एक, असे का?' कारण ऐका. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्यानंतर छपाईने हळूहळू स्पेलिंग पक्के होत गेले, पण लोकांचे उच्चार बदलतच राहिले. 'नाईफ' आणि 'नी'मधला के एके काळी उच्चारला जात असे. उच्चार गेला, अक्षर राहिले. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी तर पंडितांनी लॅटिनच्या प्रेमाने मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला एस हा शब्दाचे मूळ चुकीचे समजल्यामुळे आला. म्हणजे ज्या स्पेलिंगसाठी आपण मुलांना छडी दाखवली, त्यांतील काही चुका खुद्द इंग्रज विद्वानांच्या आहेत! पुढे सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ साली लंडनला निघाला आणि नोआ वेब्स्टरचा मोठा कोश १८२८ साली अमेरिकेत. वेब्स्टरने 'कलर'मधला यू काढून टाकला आणि 'सेंटर'च्या शेवटी ई-आर केले. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त एकाच उत्तरपत्रिकेत दोन्हींची खिचडी नको.

आज मोबाईल आणि संगणक स्पेलिंग तपासतात. त्यांची मदत जरूर घ्या. पण त्यांच्यावर सर्व भिस्त ठेवू नका. 'प्रिन्सिपल'चे दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे तुमच्या मनात कोणता आहे, हे यंत्राला दर वेळी कळेलच असे नाही.

पालकांना विनंती

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत येई. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकवली जाते. तरीही पुष्कळ मुले दहावीनंतर मुलाखतीत गप्प बसतात. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यांना शब्द येत नाहीत असे नाही. कोणीतरी हसेल, ही भीती त्यांच्या घशाशी असते.

म्हणून पालकांना माझे तीन शब्द. एक, मूल इंग्रजी बोलताना चुकले तर पाहुण्यांसमोर हसू नका. बोलणे पूर्ण होऊ द्या, मग योग्य वाक्य आपण एकदा म्हणून दाखवा. दोन, आपल्याला इंग्रजी येत नसेल तर त्याची लाज बाळगू नका. मुलाने मोठ्याने वाचावे आणि आईने शेजारी बसून ऐकावे, एवढ्यानेही जीभ सुटते. तीन, घरात एक शब्दकोश असू द्या आणि मुलाला एक वही करायला सांगा. स्वतःची प्रत्येक चूक त्याने त्या वहीत तारखेसह लिहावी. सहा महिन्यांनी जुनी पाने उलटताना आपण किती पुढे आलो हे त्याचे त्यालाच दिसेल.

आणि शिक्षक बंधूंनो, तुम्हांला वेगळे काय सांगू? माझी चूक तुम्ही करू नका. दारात कोणी 'गुड नाईट, सर' म्हणत उभा राहिला, तर 'गुड इव्हिनिंग, बेटा, ये, बस' म्हणा. एवढ्यात त्याला शब्दही कळेल आणि आपल्यासाठी जागा आहे हेही कळेल.

आता रात्र झाली आहे आणि आपण निरोप घेत आहोत, म्हणून आज हा शब्द मी अगदी बिनचूक वापरतो. गुड नाईट. खुदा हाफिज.