परसांतील अळू आणि विलायती रुबार्ब

विलायती बियाण्यांच्या याद्या चाळणाऱ्या हौशी बागवानाची नजर केव्हां ना केव्हां 'रुबार्ब' या नांवावर थांबते. हातभर लांबीचे लालबुंद देठ, त्यांवर हत्तीच्या कानासारखीं पानें, एकदां लावलें कीं वर्षानुवर्षें उपटावयास नको, आणि साखरेंत शिजविलेल्या त्या देठांची कीर्ति तर इंग्रजी पाकपुस्तकांत ठायीं ठायीं. असें झाड आपल्या नाशिकच्या परसांत असावें, असें कोणास वाटलें तर नवल नाहीं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलें आहे. येथें द्राक्षें पिकतात, आणि कडाक्याच्या थंडींत निफाडकडील बागाईतदारांना पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. एवढी थंडी असतां रुबार्बास काय उणें पडेल, असा हिशेब मग मांडला जातो. तो हिशेब चुकतो.

रुबार्ब हें थंड मुलखाचें झाड. त्याचा एक भाऊबंद हिमालयांत उंचावर उगवतो, व त्याचें वाळलेलें मूळ काष्ठौषधींच्या दुकानांत रेवंदचिनी या नांवानें रेचक म्हणून विकलें जातें. युरोपांतहि कित्येक शतकें रुबार्ब गेलें तें औषधी मूळ म्हणूनच. देठ खाण्याची चाल तेथें रूढ झाली ती साखर सामान्य माणसाच्या आवाक्यांत आल्यावर. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती भाजीच. परंतु १९४७ सालीं अमेरिकेंतील जकातीच्या न्यायालयानें तिला फळांत बसविलें, कारण तिचा उपयोग लोक फळासारखा करतात! या झाडाच्या कंदास हिंवाळ्यांत कित्येक आठवडे गाढ झोप लागावी लागते, आणि त्यासाठीं पारा सुमारें ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीं राहावा लागतो. नाशिकांत एखाददुसरी रात्र तशी येते. पण दुपारीं पुनः लख्ख ऊन पडतें आणि कंदाचा डोळा लागत नाहीं. पुढें वैशाखांत पारा ४० अंशांकडे धांवूं लागला म्हणजे पानें करपतात आणि बहुधा झाडहि जातें. ज्यास हौसच पुरवावयाची असेल त्यानें पाऊस ओसरतांच कुंडींत बीं पेरावें, दिवाळीनंतर रोपें बागेंत लावावीं, आणि उन्हाळ्यापूर्वीं जे काय बारीक देठ मिळतील त्यांवर समाधान मानावें. दहा वर्षांचें झाड येथें एका हंगामाचें पाहुणें होतें.

परंतु ज्या गुणांसाठीं रुबार्बाची ओढ लागते, ते बहुतेक सगळे गुण असलेलें एक झाड नाशिकच्या जुन्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उभें आहे. न्हाणीचें पाणी जेथें बाहेर पडतें तेथें, विहिरीच्या थारोळ्याशीं, अळूचा ताटवा असावयाचा हें जणूं ठरलेलेंच होतें. एकदां लावलें कीं पुनः लावणें नको. कंदाच्या बाजूनें पिलें फुटत राहतात. पानें मोठीं, देठ मांसल, आणि देठहि खाण्याचे. फरक एवढाच कीं रुबार्बास थंडी हवी आणि अळवास पाणी.

या दोन झाडांत आणखी एक नातें आहे, आणि तें केवळ गमतीचें नाहीं. परसांत आपोआप उगवणारी आंबुटी मुलें चावून खातात. तिच्या कुळाचें लॅटिन नांव ऑक्झॅलिस. त्यावरून तिच्यांतील आंबट द्रव्यास ऑक्झॅलिक आम्ल हें नांव पडलें. हेंच द्रव्य रुबार्बांत आहे आणि अळवांतहि आहे. मात्र त्याचें रूप निराळें. रुबार्बाच्या पानांत तें इतर विषारी द्रव्यांबरोबर बरेंचसें विरघळणाऱ्या रूपांत असतें, आणि पान शिजविल्यानें त्याचा दोष जात नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अन्नाची टंचाई पडली तेव्हां ब्रिटनमध्यें हीं पानें पालेभाजी म्हणून खावींत असा सल्ला दिला गेला. त्यापायीं विषबाधा होऊन माणसें दगावलीं. म्हणून रुबार्बाचा देठ तेवढा घ्यावयाचा, पान कदापि नाहीं.

अळवांत तेंच द्रव्य चुन्याशीं संयोग पावून सुईसारख्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या जुड्या बनून राहतें. कच्चें पान चावलें कीं त्या सुया जिभेंत व घशांत रुततात. हीच अळवाची खाज. घरोघरच्या बायकांनीं यावर उपाय केव्हांच बसविलेला आहे: चिरतांना हातास तेल किंवा चिंचेचें पाणी लावणें, भाजींत चिंच अथवा ताक घालणें, आणि मुख्य म्हणजे पुरतें शिजविणें. आंबटाचें श्रेय मोठें मानतात, पण घाईनें उतरविलेली भाजी कितीहि चिंच घातली तरी घसा धरते. ज्यास मूतखड्याचा विकार आहे त्यानें मात्र अळू बेतानेंच खावें.

लागवडीस फारसें कौशल्य लागत नाहीं. मृगाचा पाऊस पडला म्हणजे पिलें दीड हात अंतरानें, चार बोटें खोल लावावीं आणि कुजलेलें शेणखत सढळ हातानें द्यावें. भाजीचें अळू निराळें व वडीचें निराळें. वडीचीं पानें जाड व देठ काळसर असतो. कापतांना बाहेरचीं पानें घ्यावींत, मधला पोगा व दोन-तीन पानें राखावीं. झडीच्या दिवसांत पानांवर ओलसर तपकिरी वर्तुळें दिसूं लागलीं तर तीं पानें त्याच दिवशीं काढून दूर पुरावीं; हा रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ताटवाभर पसरतो. कुंडींतल्या शोभेच्या अळवाशीं मात्र याची गल्लत होऊं देऊं नये. तें खाण्याचें नव्हे, आणि ताटव्याशेजारीं तें लावणें हा निव्वळ अविचार आहे.

पाण्याविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या न्हाणींतून वाहे तें अंगावरचें व भांड्यांचें पाणी. राख आणि शिकेकाई यांपलीकडे त्यांत फारसें कांहीं नसे. आजच्या मोरीच्या पाण्यांत कपडे धुण्याच्या भुकट्या व फरशी पुसण्याचीं औषधें असतात. शहरांतील नाल्यांच्या कांठीं माजलेलें अळू तर दिसावयास टवटवीत असतें, पण गटाराच्या पाण्यांतील शिसें वगैरे धातु तें आपल्या पानांत व कंदांत शोषून घेतें. बाजारांतल्या जुडीवरून तें कोठल्या पाण्यावर वाढलें हें ओळखतां येत नाहीं. दोन हात जागा, एक गळका माठ आणि तांदूळ-डाळी धुतलेलें पाणी एवढ्यावर घरचा ताटवा चालतो. वाडे पाडून इमारती झाल्या तरी मोठ्या कुंडींत तो गच्चीवरहि येतो.

भाद्रपदांत ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य असतें. त्या दिवशींच्या भाजींत हातानें खणलेल्या मातींतलें अळू पडतें, पानें आणि देठ दोन्ही. एरवीं देठ उरले तर सोलून, उकडून, दह्यांत कालवून त्यांची देठी करतात. वर हिंगाची फोडणी. उन्हाळ्यांत ताटवा वाळला तरी कंद उपटूं नयेत. त्यांवर पालापाचोळा पसरून ठेवावा आणि आठवड्यांतून एकदां पाण्याचा तांब्या ओतावा; वळवाची पहिली सर आली कीं सुरळी झालेलीं कोवळीं पानें मातींतून वर येतात.