कोवळ्या वयातील गर्द
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंतांच्या सत्कारानंतर लगेच हा विषय काढणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधीच पुकारली जात नाहीत, अशा मुलांविषयी आम्हास बोलावयाचे आहे.

गर्द म्हणजे हेरॉइनची भेसळयुक्त तपकिरी पूड. १९८० नंतरच्या दशकात ती मुंबईत पसरली. पन्नीवर पूड ठेवून खालून काडी लावावयाची आणि धूर नळीने ओढावयाचा. सुई टोचावी लागत नाही, म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास ते सिगारेटीचेच भावंड वाटते. मौज लवकरच सरते. मग केवळ यातना टाळण्याकरिता ओढणे सुरू राहते. शेवटच्या मात्रेनंतर ८ ते १२ तासांत नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगदुखी, पुढे जुलाब नि निद्रानाश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो. मुले यास ‘टर्की’ म्हणतात. आई बिचारी लिंबूपाणी देत बसते!

डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य लाभले. शरीरातील विष उतरणे हा उपचाराचा लहान भाग. खरे काम पुढचे, हे तेथील उपचारपद्धतीत पहिल्यापासून गृहीत आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण मुलास महिनाभर खोलीत कोंडतात अथवा गावी धाडतात आणि ‘सुधारला’ म्हणून निःश्वास टाकतात. हा मार्ग आम्हास सर्वांत भयावह वाटतो. खंड पडल्यावर देहाची सहनशक्ती घटते. तोच मुलगा पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि श्वास मंदावून दगावतो. मृत्यूचे कारण मग आपण ‘हृदयविकार’ असे कळवितो.

पोलिसांचे भय असते, तेही जाणतो. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे ६४-अ हे कलम, स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनीस सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. १४४४६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

राहिले थोरल्या बहिणीचे जमलेले लग्न. खरा अडसर बहुधा तोच असतो, आणि तो आपणच, येथे बसलेल्यांनीच, उभा केला आहे. स्थळे पाहताना कुजबुजणारे कोणी परके नव्हेत.

शिष्यवृत्तीनिधीतून अशा मुलांच्या उपचारास साहाय्य द्यावे, असा ठराव आम्ही पुढील सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. लाभार्थ्याचे नाव अहवालात छापले जाणार नाही, ही अट त्यातच घातली आहे.