जेवण बदलतं तेव्हा



अन्ननलिकेच्या आणि जठराच्या गाठींबद्दल आज बोलायचं आहे. असा रुग्ण समोर आला की मी आधी त्याच्या ताटाबद्दल विचारतो. उत्तर बहुधा घरची माणसं देतात. पहिल्यांदा भाकरी सुटली. मग पोळी दुधात कुस्करून सुरू झाली, मग मऊ वरणभात, आता नुसती पेज. घासागणिक पाणी लागतं. ‘वय झालं, दात राहिले नाहीत’ असं म्हणत सगळं घर त्या बदलाला सरावलेलं असतं.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची लवचिक नळी. गाठीने तिची बरीचशी रुंदी व्यापेपर्यंत घास कसाबसा उतरत राहतो. म्हणून आधी घट्ट पदार्थ अडकतात, पातळ नंतर. त्यातच आतड्याला असतं तसं बाहेरचं आवरण या नळीला नाही, त्यामुळे रोग शेजारच्या भागांत लवकर शिरतो. जठर तर ऐसपैस. तिथली गाठ महिनोन्‌महिने ‘पित्त’ म्हणून खपून जाते.

1881 साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढून उरलेलं जठर यशस्वीपणे जोडलं. रुग्ण बाई त्यातून उठल्या, पण सुमारे चार महिन्यांनी गेल्या. रोग आधीच पसरला होता. आज जपानमध्ये अगदी वरच्या थरातली गाठ पोट न उघडता, दुर्बिणीतूनच काढतात आणि असे बहुतेक रुग्ण बरे होतात. शस्त्रक्रिया खूप पुढे गेली हे खरं, पण गाठ कोणत्या टप्प्यावर सापडली यावर आजही फार काही ठरतं.

कारणंही कळली आहेत. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वॉरन आणि मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ओळखला. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही; सापडला तर औषधांनी तो घालवताही येतो. अन्ननलिकेच्या बाबतीत तंबाखू, सुपारी आणि दारू हे मोठे शत्रू. आपल्याकडे तंबाखू तर सकाळच्या मिश्रीपासूनच तोंडात जाते.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच. घास अडकू लागला, थोडं खाल्लं तरी पोट भरू लागलं, विनाकारण वजन किंवा रक्त कमी झालं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, की दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ती काही मिनिटांची असते, गाठ दिसली तर त्याच वेळी तुकडा काढता येतो. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते तपासणीनेच ठरतं. आई-वडील स्वतःहून बोलणार नाहीत. त्यांच्या जेवणात काय बदललं, हे आज घरी गेल्यावर त्यांना विचारा.