लाल बटण दाबून बघितलंय का?

भावांनो, सुट्टीचा दिवस आहे, कपडे धुवायचेत, घरी फोन लावायचाय, माहीत आहे मला. जास्त वेळ घेत नाही.

सळई वाकवायच्या मशीनवर पिवळ्या जागेत लाल, छत्रीसारखं बटण असतं. मागच्या प्रोजेक्टवर एका पोराचा हातमोजा सळई आणि पिनच्या मध्ये अडकला. त्याने बटण दाबलं. मशीन थांबली नाही. हेल्परने पळत जाऊन डीबीचा मेन पाडला, तोपर्यंत दोन बोटं गेली होती. पॅनेल उघडलं तर आत वायर डायरेक्ट केलेली. त्या सकाळच्या चेकलिस्टवर 'एमर्जन्सी ओके' समोर टिक होती आणि खाली सही माझी होती. मी बटण दाबून बघितलंच नव्हतं.

आता मी कसं बघतो ते ऐका. काम सुरू व्हायच्या आधी मशीन रिकामी, सळई नाही, जवळ कुणी नाही. एक माणूस मेनपाशी उभा. मशीन चालू करायची आणि बटण दाबायचं. थांबली पाहिजे, आणि बटण आतच अडकून राहिलं पाहिजे. ते आत असताना स्टार्ट दाबा, पायाचं पेडल दाबा, काही हलता कामा नये. मग बटण फिरवून सोडा. इथेच सगळे चुकतात. बटण सोडल्यावर मशीन आपोआप सुरू झाली, तर ती नापास. कारण अडकलेला हात काढताना कुणीतरी बटण सोडलं तर? दोन बटणं असतील तर दोन्ही वेगवेगळी तपासा. लाकूड कापायच्या करवतीचं पातं बटण दाबल्यावरही थोडं फिरतं. रोज सेकंद मोजा, वाढले तर सांगा. पॅनेल मात्र तुम्ही उघडू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

आणि हे बटण म्हणजे कुलूप नव्हे. ते दाबलं तरी पॅनेलमध्ये करंट असतो. पिन बदलायची, साफसफाई करायची तर मेन बंद, त्याला कुलूप, टॅग, आणि चावी स्वतःच्या खिशात. ईएलसीबीचं टेस्ट बटणही वेगळं, ते करंट लीक झाला तर सप्लाय तुटतो का एवढंच बघतं.

नापास मशीनवर टॅग लावा आणि फोरमनला सांगा. नुसतं तोंडी नको, वॉट्सअॅपवर लिहा, मशीनचा नंबर आणि तारीख टाका. यूएईच्या 2021च्या कामगार कायद्यात कलम 45 आहे. जिवाला गंभीर धोका आहे हे मालकाला माहीत असूनही त्याने काही केलं नाही, तर नोटीस न देता काम सोडता येतं. पण त्याला माहीत होतं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे ना! आणि पाऊल उचलण्याआधी कामगार मंत्रालयात विचारून घ्या, नाहीतर गैरहजर दाखवतील.

उद्या सकाळी सहाला मी यार्डात आहे. ज्याला स्वतःच्या हाताने दाबून बघायचंय त्याने दहा मिनिटं आधी यावं. चेकलिस्ट त्यानंतरच भरू.