घरून शिक्षण आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात एका माध्यमिक शिक्षकाने केलेले भाषण)





आज दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आहे. अशा प्रसंगी वक्त्याने यशाची गुरुकिल्ली सांगावी, अशी अपेक्षा असते. परंतु मंडळाने मला "घरून शिक्षण" या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. हा विषय जुना झाला, शाळा तर केव्हाच सुरू झाल्या, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. २०२५ साली जी मुले दहावीला बसली, ती मार्च २०२० मध्ये पाचवीत होती. त्यांचे सहावीचे बहुतेक वर्ष आणि सातवीचा बराच भाग शाळेबाहेर गेला. अपूर्णांक, बीजगणिताची ओळख, इंग्रजीतील साधी वाक्यरचना हा माध्यमिक शिक्षणाचा पाया ज्या वयात घातला जातो, नेमक्या त्याच वयात त्यांच्या वर्गाला कुलूप होते. तेव्हा हा विषय गेलेल्या काळाचा नसून या सभागृहात बसलेल्या मुलांचा आहे.

थोडा मागील इतिहास पाहू. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. त्या वेळी दहावीची परीक्षा चालू होती आणि फक्त २३ मार्चचा भूगोलाचा पेपर शिल्लक होता. तो आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला आणि त्या विषयाला सरासरीने गुण देण्यात आले. पंधरा दिवसांत सर्व सुरळीत होईल असे आम्ही धरून चाललो होतो. जून उजाडला, तरी शाळेची घंटा वाजली नाही. १५ जून २०२० पासून ऑनलाईन वर्गांना शासनाने परवानगी दिली व नववी ते बारावीसाठी रोज तीन तासांची मर्यादा घालून दिली. पुढे त्या वर्षाचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काय झाले, ते सांगतो.

आमचे हायस्कूल तालुक्याच्या गावी आहे. आसपासच्या खेड्यांतून आणि वाड्या-वस्त्यांवरून मुले येतात. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट करावयाचा म्हणून आम्ही प्रवेश अर्जांवरील दूरध्वनी क्रमांक काढले. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, पुष्कळ क्रमांक पालकांचे नव्हतेच. कोणाचा क्रमांक शेजाऱ्याचा होता, कोणाचा किराणा दुकानदाराचा, तर कोणाचा पुण्यात कामाला असलेल्या मामाचा. काही क्रमांक रिचार्ज संपल्यामुळे बंद पडले होते. जिथे मोबाईल होता, तिथे तो वडिलांच्या खिशातून सकाळी कामावर जात असे आणि रात्री आठ वाजता घरी येत असे. आमचा तास मात्र सकाळी अकराला! मग आम्ही तास ध्वनिमुद्रित करून रात्री पाठवू लागलो. एका घरात तीन मुले शिकत असतील, तर मोबाईल आधी थोरल्या भावाला, मग धाकट्याला आणि शेवटी बहिणीला मिळे. बहिणीची पाळी येईपर्यंत एक तर डेटा संपलेला असे किंवा तिला भाकरी थापायला हाक आलेली असे.

हे केवळ आमच्या गावचे चित्र होते काय? नाही. "असर" या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. म्हणजे गरिबाने पोटाला चिमटा घेऊन, वेळप्रसंगी उसनवारी करून मोबाईल घेतला. आपल्या समाजाची शिक्षणाची भूक यावरून कळते. परंतु घरात मोबाईल येणे आणि मुलाच्या हाती तो पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२१ च्या त्याच पाहणीत असे आढळले की, घरात स्मार्टफोन असूनही सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता.

आणखी एक आकडा सांगतो. तो आपण सर्वांनी मनात कोरून ठेवावा. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमध्ये पहिली ते आठवीच्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. नियमितपणे ऑनलाईन अभ्यास करणारी मुले शहरी भागात २४ टक्के आणि ग्रामीण भागात अवघी ८ टक्के निघाली. ग्रामीण भागातील दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण फक्त ४ टक्के होते, तर इतरांत १५ टक्के. बंधू-भगिनींनो, शाळेच्या बाकावर सर्व मुले निदान एका छपराखाली बसतात. शाळा घरी गेली, तेव्हा ज्याचे जसे घर तशी त्याची शाळा झाली. कोणाच्या शाळेला स्वतंत्र खोली मिळाली, तर कोणाच्या शाळेला गळका पत्रा मिळाला.

असे असले, तरी त्या काळात शिक्षक, पालक आणि मुले स्वस्थ बसली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवून गल्लीचीच शाळा करण्यात आली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविणारी "बोलकी शाळा" चालली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून "टिलीमिली" ही मालिका सुरू झाली. त्यामुळे ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता पण टीव्ही होता, अशा लहान मुलांची सोय झाली.

आमच्या हायस्कुलातही आम्ही काही मार्ग काढले. ज्या वस्तीवर रेंज नव्हती, तेथे आठवड्याचा अभ्यास छापून पाठविला. तो वाटण्याचे काम तेथील तरुणांनी आनंदाने केले. विहाराच्या ओट्यावर एक पत्र्याची पेटी ठेवली. मुले आपल्या वह्या तिच्यात टाकीत. त्या काळच्या भीतीमुळे दोन दिवस वह्या तशाच राहू देत आणि मग शिक्षक त्या तपासून परत करीत. मोबाईल असलेल्या एका मुलासोबत मोबाईल नसलेली तीन-चार मुले अंतर ठेवून बसतील, असे गट पाडले. विज्ञानाच्या बाईंनी हळद, लिंबू आणि धुण्याचा सोडा घेऊन आम्ल-आम्लारी समजावून सांगितले. प्रयोगशाळा बंद होती, पण स्वयंपाकघर उघडे होते. हे सर्व करीत असताना शिक्षक तपासणी नाक्यावर, रेशन दुकानावर आणि घरोघरच्या सर्वेक्षणावरही कामाला होते, हेही विसरून चालणार नाही.

काही गोष्टी अनपेक्षित घडल्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले-मुली ध्वनिसंदेश पाठवून शंका विचारू लागली. चाळीस जणांच्या देखत विचारण्याचा संकोच त्यांना या नव्या पद्धतीत राहिला नाही. अनेक आयांनी प्रथमच आपल्या मुलांचा तास कानांनी ऐकला. एका माउलीने मला विचारले, "सर, तुम्ही ते व्याज शिकवलं, तसंच बचत गटाचं व्याज काढायचं का?" मला वाटते, त्या दिवशी आमच्या वर्गाचा पट एकाने वाढला.

परंतु या सर्व धडपडीची मर्यादा पुढे दिसून आली. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५० आणि दहावीतील अंतर्गत मूल्यमापनाचे ५० गुण धरून निकाल लागला. तो ९९.९५ टक्के होता. आनंद झाला, पेढे वाटले गेले. मात्र निकाल लागणे म्हणजे विषय समजणे नव्हे, हे त्या मुलांना अकरावीच्या वर्गात उमजले. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा केंद्रावर झाली, तेव्हा ८० गुणांच्या पेपरला मंडळाने अर्धा तास जादा दिला. का? तर मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला होता. बोट पडद्यावर फिरत होते, पण पेन कागदावर चालत नव्हते.

आणि सर्वांत मोठे नुकसान तर निकालपत्रात दिसलेच नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यात बहुतेक माध्यमिक वर्ग पुन्हा भरू लागले. मी हजेरी घेऊ लागलो. काही नावांना "हजर" असा आवाज आला नाही. चौकशी केली. कोणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला होता, कोणी वीटभट्टीवर, कोणी शहरात एका दुकानात कामाला लागला होता. दोन मुलींची लग्ने झाली होती. कोणी त्यांचे नाव शाळेतून काढले नव्हते. त्यांचे येणे एवढे हळूहळू बंद झाले की, कोणाच्या लक्षातही आले नाही. शाळा चालू असती, तर दुसऱ्याच दिवशी शिक्षकाने विचारले असते, मैत्रीण घरी गेली असती. शाळेची इमारत पाठ शिकविण्यासाठी असते, तशी मुलावर नजर ठेवण्यासाठीही असते, हे मला तेव्हा पटले.

मित्रहो, बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा विचार करा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. एकाच खोलीत सारा संसार. सुभेदार रामजींनी काय केले? मुलाला लवकर झोपविले आणि पहाटे दोन वाजता, सगळीकडे निजानीज असताना अभ्यासाला उठविले. जागा वाढविता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ शोधली. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना पाहिले आणि पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. या प्रसंगातून मी तीन गोष्टी घेतो. मुलाला अभ्यासासाठी जागा हवी, त्याच्यासाठी झोपमोड करणारे घरातील माणूस हवे, आणि "बाळ, काय वाचतोस?" असे विचारणारे घराबाहेरील माणूस हवे. मोबाईल यांपैकी एकाचीही जागा घेऊ शकत नाही. मात्र ही तिन्ही असतील, तर मोबाईलही उपयोगी पडतो.

म्हणून मंडळापुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवतो.

पहिली, आपले हे सभागृह लग्नकार्ये व सभा सोडल्या, तर इतर दिवशी सायंकाळी बंद असते. ते रोज सहा ते दहा अभ्यासिका म्हणून उघडावे. चांगले दिवे, बसायला सतरंज्या, प्यायला पाणी आणि किल्ली सांभाळणारा एक जबाबदार कार्यकर्ता, एवढे पुरे. मुलींना घरी सोडण्याची व्यवस्था मात्र आधी करावी, कारण ती नसेल तर मुली येणार नाहीत.

दुसरी, त्या दोन वर्षांत शाळा सुटलेल्या आपल्या वस्तीतील मुला-मुलींची यादी करावी. आज ती वीस-बावीस वर्षांची असतील. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येते, हे अनेकांना ठाऊकच नाही. फॉर्म भरून देणे, शाळेकडून दाखला मिळवून देणे आणि शुल्क भरणे हे काम मंडळाने अंगावर घ्यावे. लग्न झालेल्या मुलींच्या सासरीही आपण जावे.

तिसरी, निवृत्त शिक्षकांनी व महाविद्यालयीन तरुणांनी प्रत्येकी दोन मुले दत्तक घ्यावीत. पैशाने नव्हे, वेळेने. आठवड्यातून दोन तास गणित आणि इंग्रजी. सातवीच्या अपूर्णांकापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये. तेथेच गाठ बसली आहे, ती तेथेच सोडवावी लागेल.

चौथी सूचना पालकांना. अभ्यासासाठी आलेला मोबाईल अभ्यास संपल्यावर परत गेला नाही. तो मुलांच्या उशाशी राहिला. मुलांना रागावण्याआधी घरात रोज एक तास सर्वांचेच मोबाईल एका ताटात ठेवावेत. त्यात वडिलांचाही असावा.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या गळ्यात हार पडतील. तुम्ही घरातल्या कोपऱ्यात, शेताच्या बांधावर, रेंज शोधीत टेकडीवर बसून सहावी-सातवी केली आहे, हे मला माहीत आहे. त्यामुळे तुमचे ६० टक्केही मला कमी वाटत नाहीत. फक्त एक मागणे आहे. तुमच्या पाचवीच्या वर्गातील जो मित्र, जी मैत्रीण आज या रांगेत नाही, तिचे नाव आठवा. कार्यक्रम संपल्यावर ते नाव एका चिठ्ठीवर लिहून मंडळाच्या चिटणीसांकडे द्या. आपल्या यादीची सुरुवात आजच होऊ द्या.



जयभीम! नमो बुद्धाय!