मुलीच्या हाती रॅकेट देताना



दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब या गावी मी मुलामुलींना खेळ शिकवतो. आमचं बॅडमिंटन उघड्यावरचं. चुन्यानं आखलेलं मैदान, दोन बांबूंना बांधलेली जाळी आणि नायलॉनचं फूल. वारा सुटला की खेळ बंद. एखादी मुलगी चांगली खेळू लागली की कापूस-सोयाबीन पिकवणारा तिचा बाप एक दिवस हमखास विचारतो, "सर, या खेळात पोरीचं पुढं काई होते का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या विदर्भातलीच, नागपूरची मालविका बनसोड पाहा. जन्म २००१ चा. डावखुरी. आईवडील दोघंही दंतवैद्य. चांगल्या प्रशिक्षणासाठी तिनं नागपूर सोडून रायपूर गाठलं, तिथं संजय मिश्रा यांच्याकडे शिकली. सोबतीला आई गेली. २०१९ मध्ये मालदीव आणि नेपाळ इथल्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिनं जिंकल्या. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत तिनं चक्क सायना नेहवालला हरवलं. २१-१७, २१-९, अवघ्या ३४ मिनिटांत. लंडन ऑलिंपिकची पदकविजेती सायना ही तिच्या पिढीची आदर्श!

पुढची गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगतो. त्याच स्पर्धेत पुढच्याच फेरीत आकर्षी कश्यपनं मालविकाला हरवलं. त्याच महिन्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पोहोचली आणि पी. व्ही. सिंधूकडून हरली. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनला पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदकविजेती ग्रेगोरिया तुनजुंग हिला तिनं पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या हायलो ओपनची अंतिम फेरी गाठली. आणि जून २०२५ मध्ये, इंडोनेशिया ओपनमध्ये आघाडीवर असताना गुडघा दुखावला आणि सामना सोडावा लागला.

व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य हे असं असतं. जागतिक क्रमवारी ठरते ती मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या दहा स्पर्धांच्या गुणांवर. वर्षापूर्वीचे गुण गळत जातात. म्हणजे शेतीसारखंच, गेल्या साली पीक चांगलं आलं म्हणून यंदा पेरणी चुकत नाही. विमान, मुक्काम, फुलं, फिजिओ, सगळा खर्च आधी. बक्षीस मिळालं तर नंतर.

मुंबईच्या अपर्णा पोपटनं सलग नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, सिडनी आणि अथेन्स अशी दोन ऑलिंपिक खेळली. मनगटाच्या दुखापतीनं २००६ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी तिला थांबावं लागलं. इतर नोकऱ्यांत ज्या वयात माणूस नुकता स्थिरावतो, त्या वयात खेळाडूची निवृत्ती होते. म्हणून मी बापाला सांगतो, रॅकेट द्या, पण पुस्तक काढून घेऊ नका. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात, आणि ती मान्यताप्राप्त स्पर्धांतूनच मिळतात.

पण श्रोतेहो, पैसा आणि नोकरी याच्याही आधीची एक अडचण आहे. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तिचं मैदानावर येणं कमी होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला जायचं, उशीर झाला तर मुक्काम करायचा. तिच्यासोबत जाणार कोण? मालविकासोबत आई होती. ऐंशी वर्षांपूर्वी पुण्याच्या देवधर भगिनींनी, म्हणजे क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधरांच्या तीन मुलींनी, बॅडमिंटन गाजवलं, तेव्हा त्यांच्यामागे खेळाडू बापाचं घर उभं होतं. आमच्या मुलीची आई मात्र सकाळी निंदणाला जाते. एक दिवस स्पर्धेला गेली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. हुशार मुलगी खेळातून बाहेर पडते ती बहुधा इथं. ती हरलेली नसते, तिच्यासोबत जायला कुणी नसतं.

यावर आम्ही एक साधा उपाय काढला आहे. पालकांनी पाळी लावून घेतली. एका स्पर्धेला एकीची आई सगळ्या मुलींसोबत जाते, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई बाकीची घरं मिळून करतात. खर्च फार येत नाही. आता आठवीनंतरही मुली सरावाला येतात. दुसरी गरज आहे ती छत असलेल्या सभागृहाची. पायांची चपळाई मातीवर शिकवता येते. पण पिसांच्या फुलाचं वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्यावरची हुकमत वाऱ्यात येत नाही. प्रत्येक तालुक्याला संध्याकाळी दिवे लागणारं एक सभागृह आणि एक महिला प्रशिक्षक मिळाली, तर पुष्कळ मुलींना गाव सोडण्याची वेळ निदान उशिरा येईल.

तर "पुढं काई होते का?" याचं माझं उत्तर असं. मालविका होणं हजारांत एखादीलाच जमेल, हे आधीच समजून घ्या. पण एकटीनं जाळीसमोर उभं राहायचं, २०-२० अशा गुणांवर हात थरथरू द्यायचा नाही, हरल्यावर हस्तांदोलन करून दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यायचं, एवढं तर प्रत्येकीला जमतं. ते घेऊन ती ज्या घरात, ज्या कामावर जाईल, तिथं ते तिच्या उपयोगी पडेल. तेव्हा पोरगी मैदानावर निघाली, तर तिला अडवू नका. जमलं तर सोबत जा.